दोन जे. जे. आणि मधला पूल

मुंबईत टॅक्सीवाल्याला नुसते ‘जे. जे.’ असे सांगितले, तर तो गाडी भायखळ्याकडे, रुग्णालयाच्या दिशेने वळवतो. ‘जे. जे. आर्ट’ असे दोन शब्द म्हटले, तरच तो महात्मा फुले मंडईजवळच्या त्या झाडीच्या आवाराशी नेऊन सोडतो. दोन्ही नावे एकाच माणसाची आहेत. सर जमशेटजी जीजीभॉय हे १७८३ साली जन्मलेले, लहान वयातच आईवडिलांना मुकलेले आणि फारसे शालेय शिक्षण न लाभलेले व्यापारी. त्यांच्या देणगीतून भायखळ्याचे रुग्णालय उभे राहिले. त्याला जोडून १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. पुढे त्यांच्याच एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ साली कलाशाळा सुरू झाली. ज्याला स्वतःला महाविद्यालयाचे दर्शन घडले नाही, त्याच्या नावाने या शहरात दोन प्रकारची मुले घडली: एक माणसाचे शरीर शिकणारी आणि दुसरी ते रेखाटणारी.

या दोन जे. जे. मध्ये आज एक उड्डाणपूल आहे. रुग्णालयाजवळ चढावे आणि मंडईजवळ उतरावे. अंतर जेमतेम अडीच किलोमीटर. वाचकहो, यांपैकी एका जे. जे. मध्ये मी साडेपाच वर्षे काढली आणि डॉक्टर होऊन बाहेर पडलो. माझी थोरली बहीण दुसऱ्या जे. जे. मध्ये जाणार होती. ती गेली नाही. यंदाच्या फेब्रुवारीत, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, ती त्या आवारात गेली आणि सोबतीला मी होतो. त्या एका सकाळीविषयी मला आपल्याशी बोलायचे आहे. प्रवास फार लांबचा नाही, डोंबिवलीहून मुंबईपर्यंतचा. तरीही तो व्हायला बावन्न वर्षे लागली.

सुरुवात झाली ती भाचेसुनेच्या फोनने. ताईचे यजमान, म्हणजे आमचे भावोजी, सात वर्षे कंपवाताने आजारी होते. त्यांना उठवणे, बसवणे, भरवणे, गोळ्यांच्या वेळा सांभाळणे, रात्री कूस बदलून देणे हे सारे ताईने केले. दीड वर्षापूर्वी ते गेले. त्यानंतर घरातल्या सगळ्यांना वाटले, की आता ताई मोकळी झाली, तिला विश्रांती मिळेल. घडले उलटेच. भाचेसून म्हणाली, “मामा, आई काही तक्रार करत नाहीत, तीच माझी काळजी आहे. टीव्ही लावला तर बघतात, बंद केला तरी तशाच बसून राहतात. काय हवं विचारलं, की ‘मला काही नको’ म्हणतात.”

ज्यांच्या घरी वृद्ध माणूस आहे, त्यांच्या कानावर हे वाक्य नक्कीच पडले असेल. त्याला कुणी वैराग्य समजते, कुणी वयाचा परिणाम. डॉक्टर म्हणून मी आपल्याला विनंती करीन, की या वाक्याला तत्काळ कुठलेही नाव देऊ नका. आधी तपासून घ्या. वृद्धांमधील नैराश्य पुष्कळदा रडण्याच्या रूपाने येत नाही. ते थकव्याच्या, अपुऱ्या झोपेच्या, अंगदुखीच्या किंवा विसराळूपणाच्या वेषात येते. थायरॉइडचे कार्य मंदावले, रक्तातले हिमोग्लोबिन कमी झाले, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता असली, तरीही माणूस असाच मलूल होतो. ऐकू कमी येऊ लागले, की माणूस संभाषणातून माघार घेतो. दिसणे अंधूक झाले, की वाचन आणि विणकाम सुटते, आणि घरचे म्हणतात, ‘यांना आता कशातच रस उरला नाही.’ दोन आठवड्यांहून अधिक काळ, जवळजवळ रोज, मन उदास असेल किंवा आवडत्या गोष्टीतही गोडी वाटत नसेल, तर वैद्यकीय सल्ला घ्यायलाच हवा.

ताईच्या सगळ्या तपासण्या केल्या. ब-१२ कमी निघाले, त्यावर उपचार सुरू झाले. मानसोपचारतज्ज्ञ असलेल्या माझ्या स्नेह्याने तिच्याशी तासभर बोलून सांगितले, की हा शोक आहे, त्यात मोठा थकवा मिसळला आहे. तूर्त औषध नको, पण लक्ष ठेवा. आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता. भावोजींच्या आजारपणात तिने स्वतःच्या डोळ्यांकडे पाहिलेच नव्हते. सांभाळ करणाऱ्या माणसाची तपासणी नेहमीच ‘पुढच्या महिन्यात’ असते, हे आपल्यापैकी अनेकांना वेगळे सांगायला नको.

दोन महिन्यांच्या अंतराने दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्या डोळ्यावरची पट्टी निघाली त्या दिवशी मी तिच्याकडे गेलो होतो. ती खिडकीशी बसली होती. मला म्हणाली, “हा पडदा निळा आहे रे. मी इतके दिवस राखाडी समजत होते.”

यात चमत्कार काही नाही. वयोमानानुसार डोळ्यातले नैसर्गिक भिंग पिवळसर होत जाते आणि प्रकाशातला निळा भाग अडवू लागते. हे इतके हळूहळू घडते, की आपले रंग हरवत आहेत याचा आपल्याला पत्ताच लागत नाही. भिंग बदलले, की निळा आणि जांभळा रंग एकदम उजळून समोर येतात. क्लोद मोने या विख्यात फ्रेंच चित्रकाराची १९२३ साली मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. त्याआधीच्या काळातल्या त्याच्या कित्येक चित्रांत तांबूस आणि पिवळ्या रंगांचा दाट थर दिसतो. हे सारे मी रुग्णांना नेहमी सांगतो. पण त्या दिवशी ताई पडद्याकडे ज्या नजरेने पाहत होती, ती नजर मला ओळखीची वाटली. ती मी लहानपणी पाहिली होती, तिच्या रंगपेटीवर वाकलेली.

त्याच आठवड्यात माझ्या एका रुग्णाच्या नातीने मला जे. जे. कलाशाळेच्या वार्षिक प्रदर्शनाचे निमंत्रण दिले. ती तिथे चित्रकलेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मी ताईला फोन केला. ती म्हणाली, “मला काही नको.” मी म्हणालो, “तुला नको, पण मला बघायचं आहे आणि मला त्यातलं काही कळत नाही.” थोडा वेळ ती काही बोलली नाही. मग विचारले, “किती वाजताची गाडी पकडायची?”

आम्ही मुद्दाम बुधवार निवडला आणि गर्दी ओसरल्यावरची जलद लोकल घेतली. ताईने चाळीस वर्षे या मार्गावर प्रवास केला आहे. टेलिफोन खात्यात ती ऑपरेटर म्हणून लागली आणि पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झाली. तिचे ऑफिस फोर्टमध्ये होते. त्यामुळे व्ही. टी. स्थानक (ती अजून तेच नाव घेते) तिच्या पायाखालचे. त्या दिवशी मात्र बाहेर पडल्यावर ती रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभी राहिली आणि इमारतीकडे मान वर करून पाहू लागली. १८७८ साली काम सुरू होऊन दहा वर्षांत उभ्या राहिलेल्या या वास्तूवरचे दगडी कोरीवकाम, पाने, फुले, पशुपक्षी यांत जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा हात आहे. आज ही वास्तू जागतिक वारसा यादीत आहे. ताई म्हणाली, “चाळीस वर्षं इथून गेले. मान वर करायला सवड नव्हती. आठ बावन्नची गाठायची असायची.”

तिथून कलाशाळा चालत दहा मिनिटांवर आहे. आम्हाला वीस लागली; तिचा उजवा गुडघा दुखतो. मी टॅक्सी करू म्हणालो, ती नको म्हणाली. वाटेत दोनदा थांबलो.

आवारात शिरताच रस्त्याचा गोंगाट मागे राहतो. जुनी झाडे, त्यांच्या सावलीत ठिकठिकाणी बसून रेखाटने करणारी मुले, आणि १८७८ सालापासून शाळेचे घर असलेली ती दगडी इमारत. आरंभीचे वर्ग एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये भरत. पुढे शाळा इथे आली. १८६५ साली इथे शिकवायला आलेल्या जॉन लॉकवुड किपलिंग यांनी समोरच्या मंडईची शिल्पे रचली, आणि त्यांचा मुलगा, पुढे जगप्रसिद्ध झालेला लेखक रुडयार्ड, त्याच वर्षाच्या अखेरीस इथेच जन्मला. जॉन ग्रिफिथ्स यांनी इथल्या विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून अनेक वर्षे अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या. त्यांतल्या कित्येक पुढे लंडनमध्ये आगीत जळाल्या. कोल्हापूरहून आलेले महादेव विश्वनाथ धुरंधर इथे विद्यार्थी होते, मग शिक्षक झाले आणि संचालकपदाचा कार्यभारही त्यांनी सांभाळला. त्यांची कन्या अंबिका धुरंधर याही इथेच शिकल्या आणि चित्रकार झाल्या. मी ही माहिती घरून वाचून गेलो होतो आणि ताईला सांगत होतो. तिने अंबिकाबाईंचे नाव ऐकून मान डोलावली. “माहीत आहे,” ती म्हणाली. “शाळेतल्या बाईंनी सांगितलं होतं. म्हणून तर हे डोक्यात भरलं.”

इमारतीत छत उंच आणि खिडक्या मोठ्या आहेत. चित्रकाराला लागणारा शांत, स्थिर उजेड त्यांतून आत येतो. दालनामागून दालने: चित्रकला, शिल्प, मातीकाम, वस्त्रकला, धातुकाम. काही चित्रे मला कळली, पुष्कळशी कळली नाहीत. एका भिंतीवर नुसत्या लोकलच्या डब्यातल्या हातांची चित्रे होती. कड्या धरलेले पन्नासएक हात. हाडे आणि स्नायू यांचा माझा अभ्यास असल्याने मी तिथे रेंगाळलो. मागे वळून पाहतो तो ताई पुढे निघून गेली होती.

ती एका छोट्या जलरंगातल्या चित्रासमोर उभी होती. विषय साधा: एक पितळी तांब्या, दोन वांगी आणि घडी मोडलेला पांढरा पंचा. पहिल्या-दुसऱ्या वर्षाला असे वस्तुचित्रण करायला देतात. ताई चित्रावर इतकी वाकली होती, की मला वाटले तिला नीट दिसत नाही. मी चष्मा पुढे केला. तिने हात बाजूला सारला आणि म्हणाली, “तांब्याच्या पोटात वांग्याचं जांभळं पडलंय. बघ. पितळ पिवळं म्हणून सगळं पिवळं रंगवतात नवशिके. या मुलीला ते जांभळं दिसलं.”

शेजारी उभी असलेली मुलगी लाजून हसली. चित्र तिचेच होते. तिने विचारले, “आजी, तुम्ही पण चित्रं काढता?”

“काढत होते,” ताई म्हणाली.

मुलीने एक लाकडी स्टूल आणून दिले. ताई बसली आणि बराच वेळ बसून राहिली. मी बाजूला उभा होतो. मग तिने माझ्याकडे न पाहताच सांगायला सुरुवात केली.

१९७३ साली ती मॅट्रिक झाली. ड्रॉइंगच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही सरकारी परीक्षा तिने उत्तम श्रेणीत दिल्या होत्या. वडील छापखान्यात कंपोझिटर होते. त्यांनीच जे. जे.चा फॉर्म आणून दिला होता. जूनच्या अखेरीस त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि ते गेले. मी सहा वर्षांचा होतो. इथवरची हकिकत मला ठाऊक होती. पुढची नव्हती.

“मी आले होते इथे,” ताई म्हणाली. “बाबांना जाऊन अठरा दिवस झाले होते. आईला सांगितलं, मैत्रिणीकडे जाते. फॉर्म भरलेला होता. बाहेर त्या झाडाखाली बसले. पाऊस होता, छत्री उघडून बसले. मुली आत जात होत्या, मोठे मोठे बोर्ड काखेत घेऊन. बाराला खिडकी बंद व्हायची. मी साडेबारापर्यंत बसले आणि मग उठले. मंडईतून आईसाठी मोसंबी घेतली आणि घरी गेले.”

त्यानंतर तिने शिकवण्या घेतल्या, टायपिंग शिकली, आणि वयाची अट पूर्ण होताच टेलिफोन खात्यात लागली. त्या पगारावर माझी शाळा झाली. १९८५ साली मला ग्रँट मेडिकलमध्ये प्रवेश मिळाला, तेव्हा फी तिनेच भरली. तिचे लग्न झाले ते माझे पहिले एम.बी.बी.एस. पार पडल्यावर, तिच्या तिसाव्या वर्षी.

आणखी एक गोष्ट आहे, जी मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. पहिल्या वर्षी आम्हाला ऊतिशास्त्राची जर्नल करावी लागे. सूक्ष्मदर्शकाखाली यकृत, मूत्रपिंड, आतडे यांचे काप पाहायचे आणि गुलाबी व जांभळ्या पेन्सिलींनी त्यांची चित्रे काढायची, कारण त्या कापांवर चढवलेले रंग तसे असतात. माझा हात चित्रकलेत अगदी बेताचा. रात्रपाळी करून आलेली ताई सकाळी दोन तास झोपे, आणि मग चहाचा कप शेजारी ठेवून माझी जर्नल रंगवी. पुस्तकातली आकृती ती नुसती उतरवत नसे; विचारत असे, ‘या पेशी अशा ओळीत का उभ्या आहेत? ही पोकळी कसली?’ मी तिला समजावून सांगे, आणि सांगता सांगता माझा अभ्यास होई. त्या जर्नलवर शिक्षकांनी ‘उत्कृष्ट’ असा शेरा दिला आणि वर्गात ती सर्वांना दाखवली. मी उभा राहून कौतुक स्वीकारले. ती चित्रे बहिणीने काढली आहेत, असे सांगण्याचे धैर्य मला झाले नाही.

त्या दालनात उभा असताना हे सारे माझ्या घशाशी आले. मी म्हणालो, “ताई, तुझं कॉलेज माझ्यामुळे राहिलं.”

तिने प्रथमच माझ्याकडे पाहिले. “तुझ्यामुळे नाही. बाबा गेले म्हणून राहिलं. तू सहा वर्षांचा होतास. स्वतःला एवढं महत्त्व देऊ नकोस.”

मी म्हणालो, “पण तुला वाईट वाटत असेल.”

“वाटतं की. आजही वाटतं. ते वाटणारच. त्याला तू औषध शोधू नकोस.” आणि थोड्या वेळाने: “त्या गुलाबी-जांभळ्या पेन्सिली मात्र माझ्या होत्या. तू परत दिल्या नाहीस.”

वाचकहो, तीस वर्षांहून अधिक काळ मी दवाखाना चालवतो आहे. रोज कुणी ना कुणी वयस्क माणूस, रक्तदाब मोजून झाला की बाही खाली ओढताना, असे एखादे वाक्य बोलून जातो: ‘शिकायचं राहून गेलं.’ कुणाच्या घरी धाकटी भावंडे होती, कुणाचे सतराव्या वर्षी लग्न झाले, कुणाचे गाव सुटले, कुणाला नोकरी आधी धरावी लागली. माझे उत्तर ठरलेले असे: ‘जाऊ द्या हो, आता मुलं शिकली ना? झालं तर!’ ताईच्या त्या वाक्याने मला जाणीव झाली, की हे उत्तर मी त्यांच्या समाधानासाठी देत नव्हतो. पुढचा रुग्ण खोळंबलेला असे, आणि त्यांचे दुःख ऐकून घ्यायला लागणारी पाच मिनिटे मला वाचवायची असत.

हळहळ हा आजार नाही. नैराश्यात माणसाला काही हवेसेच वाटत नाही. हळहळीत त्याला अजूनही काहीतरी हवे असते, म्हणून तर ती टोचते. ‘मला काही नको’ म्हणणारी ताई ज्या क्षणी ‘वाईट वाटतं, आजही वाटतं’ असे म्हणाली, त्या क्षणी मला तिच्या प्रकृतीची काळजी कमी झाली. आपल्या घरातले वृद्ध माणूस अशा राहून गेलेल्या गोष्टीविषयी बोलू लागले, तर कृपा करून त्याचे सांत्वन करण्याची घाई करू नका. ‘जे होतं ते भल्यासाठी’ असे म्हणू नका. विचारा, ‘मग काय झालं?’ आणि ऐका.

मीही त्या दिवशी थोडा माझा हिशेब मांडला. मी कॉलेजात गेलो, पदवी घेतली. पण त्या साडेपाच वर्षांत शवविच्छेदनाचे दालन, वॉर्ड, ग्रंथालय आणि संध्याकाळच्या शिकवण्या यांपलीकडे मी काही पाहिले नाही. अडीच किलोमीटरवरचे हे आवार मला ठाऊक नव्हते. इथे माझी बहीण छत्री उघडून बसली होती, हेही ठाऊक नव्हते. कॉलेजात जाऊनही कॉलेज राहून जाऊ शकते.

कला पाहण्याने प्रकृतीला काय लाभ होतो, असे आपण विचाराल. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली कला आणि आरोग्य यांच्या संबंधावरील तीन हजारांहून अधिक अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला. आजार टाळणे, मानसिक स्वास्थ्य राखणे आणि दीर्घ आजारात आधार देणे यांत कलांचा उपयोग होऊ शकतो, असे त्यात दिसून आले. कॅनडातील माँट्रियल येथे २०१८ पासून काही डॉक्टर रुग्णांना तेथील कलासंग्रहालयाची भेट चिठ्ठीवर लिहून देऊ लागले. मात्र डॉक्टर म्हणून एक सावधगिरी सांगतो: जे लोक प्रदर्शनांना जातात ते बहुधा मुळातच हिंडते-फिरते आणि बऱ्या परिस्थितीतले असतात, त्यामुळे सारे श्रेय चित्रांना देता येत नाही. चित्र पाहणे हा रक्तदाबाच्या गोळीला पर्याय नव्हे. पण घराबाहेर पडणे, थोडे चालणे, डोळ्यांना आणि बुद्धीला नवे खाद्य मिळणे आणि सोबतीला आपले माणूस असणे, या चारही गोष्टी एका सकाळी साधतात, आणि त्यांतली एकही अपायकारक नाही.

आपणही घरातल्या ज्येष्ठांना घेऊन जाणार असाल, तर काही व्यावहारिक गोष्टी ध्यानात ठेवा. आधी फोन करून तारखा व वेळा, जिने, बसायची सोय आणि स्वच्छतागृह यांची चौकशी करा. सुट्टीचा दिवस टाळा. गर्दीत धक्का लागून पडण्याची भीती असते. कठीण फरशीवर हळूहळू चालणे आणि वारंवार उभे राहणे हे सरळ चालण्याहून अधिक थकवते, म्हणून तासाभराहून जास्त रेंगाळू नका आणि दर पंधरा मिनिटांनी बसवा. पायांत घट्ट बसणारी, न घसरणारी पादत्राणे असावीत. मधुमेह असल्यास खाण्याची वेळ चुकवू नका, जवळ बिस्किटे व साखर ठेवा. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर ती मनाने बंद करू नका; वेळ पुढे-मागे करता येईल का, ते आपल्या डॉक्टरांना विचारा. पाणी पिणे कमी करू नका. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल, तर उन्हात गडद चष्मा घाला आणि बाहेर पडण्याआधी नेत्रतज्ज्ञांची परवानगी घ्या. ऐकण्याचे यंत्र घरी विसरू नका. आणि सगळी चित्रे दाखवण्याचा हट्ट धरू नका. एकासमोर अर्धा तास बसावेसे वाटले, तर बसू द्या.

सांभाळ करणाऱ्यांनाही एक शब्द. ज्या घरात दीर्घ आजारपण झाले आहे, तिथे रुग्ण गेल्यानंतरचे वर्ष-दोन वर्षे सांभाळ करणाऱ्या व्यक्तीकडे अधिक लक्ष द्या. तिचा दिवस एकाएकी रिकामा झालेला असतो. मन फारच खचले आहे असे वाटले, जगण्यात अर्थ नाही असे बोलणे कानावर आले, तर वाट पाहू नका, डॉक्टरांकडे न्या. शासनाच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांकही अशा वेळी उपयोगी पडतो.

परतताना फोर्टातल्या एका दुकानात मी दोन पेन्सिली घेतल्या, एक गुलाबी आणि एक जांभळी, आणि ताईच्या हातात ठेवल्या. तिने जांभळीचे टोक नखाने तपासले आणि म्हणाली, “हा तो जांभळा नव्हे. तो जरा निळ्याकडे झुकणारा होता.” तरी पर्समध्ये ठेवली. मग स्वतःच्या पैशांनी एक जाड कागदांची वही घेतली. मला पैसे देऊ दिले नाहीत.

सगळे बदलले, असे मी आपल्याला सांगणार नाही. ताईचा गुडघा दुखतोच. झोप अजून तुटक आहे. भावोजींच्या खुर्चीत ती बसत नाही आणि कुणाला बसूही देत नाही. पण तीन आठवड्यांनी भाचेसुनेचा पुन्हा फोन आला, आणि या वेळी तिच्या आवाजात तक्रार होती. “मामा, जरा सांगा ना आईंना. ओट्यावर तांब्या आणि वांगी मांडून ठेवली आहेत सकाळपासून. हात लावू देत नाहीत. आज भाजी कसली करू?”

मी म्हणालो, “आजचा दिवस पिठलं कर.”